सायलेन्सर बदलला, मॅप तोच राहिला: मॉडिफाय केलेल्या बाईकच्या पेट्रोलचं गणित

मागच्या मे महिन्यात दुपारी अडीच वाजता मावसभावाचा फोन आला. "दादा, गाडीचा पिकअपच गेला. मोहोळच्या पुढं उभा आहे. इंजिन टकटक करतंय, काय करू?" त्या दिवशी सोलापूर ४२ अंशांवर होतं. मी म्हणालो, आधी बंद कर आणि सावलीत जाऊन बस.

गाडी २०० सीसीची, २०२१ ची, बीएस६. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं ऑनलाइन मागवलेला फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर बसवून घेतला होता. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं, "इंजेक्शनची गाडी आहे, ईसीयू आपोआप सेट करून घेतो, काही करायला नको." आणि शहरात, सात रस्ता ते होटगी रोड, गाडी खरंच मस्त चालत होती. पुण्याला निघाल्यावर हायवेला त्यानं अर्धा तास एक्सलेटर पिळून ठेवला आणि तिथं गणित फिसकटलं.

हेड उतरवलं तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूला जळून खपली निघालेली होती. स्पार्क प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरंफटक. गॅरेजवाले काका एका शब्दात म्हणाले, "लीन चालली." व्हॉल्व्हचा गॅपही कमी झालेला होता, म्हणजे सगळा दोष सायलेन्सरच्या माथी मारता येणार नाही. पण बिल भावाच्या जवळपास दोन महिन्यांच्या पगाराएवढं झालं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. इंजिनाशी माझा संबंध इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या एका पेपरापुरता. पण "ईसीयू आपोआप सेट करून घेतो" हे वाक्य मला खटकलं, कारण ईसीयू म्हणजे शेवटी एक छोटा कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटर जे मोजतो त्यावरच काही करू शकतो. शोधत गेलो तेव्हा कळलं की ते वाक्य अर्धं खरं आहे. इंजिन जळतं ते उरलेल्या अर्ध्यात.

थेंबाचा तिसरा हिस्सा

मित्रांनो, आधी थोडं गणित करू, कारण त्याशिवाय पुढचं काही पटणार नाही.

पेट्रोल पूर्ण जळायला हवा लागते, आणि तिचं प्रमाण वजनात मोजतात: १ ग्रॅम शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा. या बरोब्बर प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. लॅम्डा १ च्या वर गेला म्हणजे हवा जास्त, मिश्रण लीन. खाली आला म्हणजे पेट्रोल जास्त, मिश्रण रिच.

आता २०० सीसीचं एक सिलेंडर ९,००० आरपीएमवर फिरतंय असं धरा. फोर-स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा ते हवा ओढतं, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा. दर वेळी आत जाणारी हवा जेमतेम ०.२ ग्रॅम. तिला लागणारं पेट्रोल साधारण १५ मिलिग्रॅम. पाण्याचा एक थेंब ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे इंजेक्टरला थेंबाचा तिसरा हिस्सा मोजून टाकायचा आहे, सेकंदाला ७५ वेळा, आणि एका खेपेला त्याच्याकडे १३ मिलिसेकंद आहेत. यात दहा टक्के चूक म्हणजे दीड मिलिग्रॅम. इंजिनाला ती कळते.

हवाही कायम सारखी नसते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांत इथल्या एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१६ किलो भरतं. मेमध्ये ४२ अंशांत तेच १.०६ किलो. त्याच रस्त्यावर, त्याच गाडीत, हवा ९ टक्के विरळ. इंजेक्शनच्या गाडीला हवेचं तापमान आणि दाब सांगणारे सेन्सर असतात, त्यामुळे ती हा हिशोब स्वतः जुळवून घेते. कार्ब्युरेटरला यातलं काही कळत नाही. म्हणूनच जुने मेस्त्री हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात स्क्रू वेगळा ठेवायचे.

ईसीयूचा मॅप म्हणजे एक शीट

भारतात मोटरसायकलला फ्यूएल इंजेक्शन येऊन बरीच वर्षं झाली. हिरो होंडाची ग्लॅमर एफआय २००६ मध्ये आली, बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय २००७ मध्ये. गंमत म्हणजे तीच पल्सर २००९ मध्ये पुन्हा कार्ब्युरेटरवर गेली, स्वस्त झाली, आणि तुफान चालली. इंजेक्शन सगळीकडे पसरलं ते १ एप्रिल २०२० ला बीएस६ लागू झाल्यावर, कारण ते नियम कार्ब्युरेटरनं पाळणं फार अवघड होतं.

ईसीयूच्या आत पेट्रोलचा जो मॅप असतो, तो डोळ्यासमोर आणायचा तर गुगल शीट आणा. आडव्या ओळीत आरपीएम: १,५००, २,०००, ३,००० असं वर चढत जाणारं. उभ्या रकान्यात थ्रॉटल किती उघडा आहे किंवा इनटेकमध्ये दाब किती आहे. प्रत्येक चौकटीत एक आकडा, ज्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरतं. इंजिन दोन चौकटींच्या मधे असेल तर आजूबाजूच्या चार चौकटींवरून मधला आकडा काढला जातो. कोडिंग शिकणाऱ्यांना हे बायलिनिअर इंटरपोलेशन म्हणून ओळखीचं असेल. ज्यांना हे प्रत्यक्ष बघायचंय त्यांनी स्पीडुइनो हा ओपन सोर्स प्रोजेक्ट बघावा. आर्डुइनो मेगावर चालणारा ईसीयू आहे, त्यात १६ बाय १६ ची शीट आहे, आणि पूर्ण कोड उघडा आहे. मला इंजिन समजलं ते पुस्तकापेक्षा तो कोड वाचून.

या शीटमधले आकडे कंपनीनं त्या गाडीच्या फिल्टर, सायलेन्सर, कॅम आणि इंजेक्टरवर टेस्ट बेंचवर तासन्‌तास इंजिन चालवून भरलेले असतात. तुम्ही फिल्टर उघडा केला, सायलेन्सर मोकळा केला, की त्याच आरपीएमला, त्याच थ्रॉटलला आत जाणारी हवा बदलते. शीटमधला आकडा मात्र तोच राहतो. नवा सायलेन्सर बसवलाय हे ईसीयूला सांगणारा सेन्सरच नसतो.

ईसीयूचा कान कुठं बंद होतो

मग शहरात गाडी मस्त का चालली? कारण ईसीयूला एक कान आहे: बेंड पाइपवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. धुरात ऑक्सिजन उरला आहे का, एवढंच तो सांगतो. हे तंत्र बॉशनं काढलं आणि १९७६ मध्ये व्हॉल्वोच्या कारमध्ये पहिल्यांदा आलं. आजच्या बहुतेक बाईकवर असतो तो नॅरोबँड प्रकारचा. लॅम्डा १ च्या जरा अलीकडे रिच असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, जरा पलीकडे लीन असेल तर ०.१ व्होल्ट. मधलं काही तो नीट सांगत नाही. घरी पाण्याच्या टाकीचा फ्लोट असतो ना, टाकी भरली की नाही एवढंच सांगणारा, तसा.

हळू चालवताना, एकसारख्या स्पीडला, ईसीयू या कानानं ऐकत असतो. लीन ऐकू आलं की पेट्रोल थोडं वाढवतो, रिच ऐकू आलं की कमी करतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. या टप्प्यात सायलेन्सर बदलल्याची चूक तो काही प्रमाणात खरंच भरून काढतो. बसवणाऱ्याचं अर्धं खरं ते हे.

पण एक्सलेटर पूर्ण पिळला की खेळ बदलतो. फुल थ्रॉटलला इंजिनाला लॅम्डा १ नकोच असतो, त्याला रिच हवं असतं. साधारण ०.८५ ते ०.९० च्या मधे ताकदही जास्त मिळते आणि ते जादा पेट्रोल आतली उष्णताही कमी ठेवतं. आता नॅरोबँड सेन्सरला तर ०.८८ आणि ०.८० मधला फरक कळत नाही, त्याला दोन्ही नुसतं "रिच". म्हणून या टप्प्यात ईसीयू कान बंद करतो आणि डोळे झाकून शीटवर चालतो. हा ओपन लूप. काही ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये शिकलेली दुरुस्ती इथंही लावतात, पण ती शिकलेली असते सावकाश चालवताना. मोकळ्या सायलेन्सरचा खरा परिणाम दिसतो वरच्या आरपीएमला.

"लीन म्हणजे गरम" असं आपण ऐकतो ते थोडं ढोबळ आहे. खूप लीन मिश्रण उलट थंड जळतं आणि गाडी मिसिंग मारते. धोका आहे तो रिच असायला हवं तिथं लॅम्डा १ च्या जवळ येण्याचा, कारण एक्झॉस्टचं तापमान त्या भागातच सर्वात वर जातं. फुल लोडवर, मेच्या दुपारी, तेच तापमान एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेवर अर्धा तास धरून ठेवलं तर व्हॉल्व्ह किती टिकेल?

टू-स्ट्रोकवाल्यांना हे आधीपासून माहीत आहे. आरएक्स१०० ला एक्सपान्शन चेंबर लावून मेन जेट तोच ठेवला तर पिस्टन चिकटतो. फोर-स्ट्रोक तेवढी लगेच शिक्षा देत नाही, आणि म्हणूनच जास्त फसवते.

ऊस आपला, आकडाही आपलाच

आता दुसरी गोष्ट, जी सोलापूरकरांनी तरी नीट समजून घ्यायला हवी. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा येतो. उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई२०, पंपांवर यायला सुरुवात झाली आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत ते देशभर पसरलं.

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, वजनाच्या जवळपास ३५ टक्के. त्यामुळे त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते: १ ग्रॅमला ९ ग्रॅम. हिशोब केला तर ई२० साठी बरोबरीचं प्रमाण १४.७ वरून १३.५ च्या आसपास येतं. ई१० साठी ते १४.१ होतं. म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० हे शुद्ध पेट्रोलपेक्षा वजनात ८-९ टक्के जास्त लागतं, आणि ई१० पेक्षा ४ टक्क्यांहून थोडं जास्त. तेवढं जास्त टाकलं नाही तर तेवढी गाडी लीन.

भावाच्या गाडीचा हिशोब मी असा मांडला. फुल थ्रॉटलला कंपनीचा लॅम्डा ०.८८ धरू. मोकळ्या सायलेन्सर-फिल्टरनं हवा १० टक्के वाढली: ०.८८ गुणिले १.१०. गाडी ई१० च्या काळातली, टाकीत ई२०: आणखी गुणिले १.०४. उत्तर १.००७. जिथं सर्वात जास्त रिच हवं तिथंच गाडी बरोबर लॅम्डा १ वर. हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात किती निघालं ते पुढं सांगतो.

इथेनॉलला व्हिलन ठरवायचं कारण नाही. त्यानं पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, नॉकिंग कमी होतं, आणि स्टॉक इंजेक्शनची गाडी क्लोज्ड लूपमध्ये हा फरक सहज जुळवून घेते. एव्हरेज थोडं पडतं, ते खरं. अडचण होते ती आधीच काठावर चालवलेल्या मॉडिफाय गाडीला आणि जुन्या कार्ब्युरेटरला. कार्ब्युरेटरला कान नाही, मेंदूही नाही, फक्त भोक आहे. त्या भोकाचा व्यास १.१० मिलिमीटरवरून १.१५ केला तर क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढतं. शुद्ध पेट्रोलवरून ई२० वर येताना लागणाऱ्या वाढीच्या हे जवळपास जाऊन बसतं. मेन जेट एक-दोन नंबरनं मोठा टाकायचा सल्ला देणारे मेस्त्री हवेत बोलत नसतात.

बाजारात काय काय मिळतं

सर्वात स्वस्त आणि सर्वात वाईट उपाय म्हणजे रेझिस्टर. इनटेकच्या तापमान सेन्सरच्या वायरमध्ये वीस रुपयांचा रेझिस्टर टाकला की ईसीयूला वाटतं हवा थंडगार आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. ऑनलाइन हाच रेझिस्टर "परफॉर्मन्स चिप" म्हणून हजार-दीड हजाराला विकला जातो. क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू ते वाढलेलं पेट्रोल लगेच कापून टाकतो, वर सगळीकडे सारखंच वाढवतो, आणि काही मॅपमध्ये थंड हवा समजून इग्निशनही अलीकडे आणतो, जे ४२ अंशांत नको असतं. कॉम्प्युटरला खोटा इनपुट देऊन बरोबर आउटपुट मागण्याचा हा प्रकार आहे.

दुसरा प्रकार पिगीबॅक. हा डबा कंपनीच्या ईसीयू आणि इंजेक्टरच्या मधे बसतो आणि इंजेक्टरकडे जाणारा सिग्नल कमी-जास्त लांब करतो. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे फ्यूएलएक्स आणि पॉवरट्रॉनिक आपल्याकडे बऱ्याच जणांनी लावलेले दिसतील, परदेशात डायनोजेटचा पॉवर कमांडर जुना आहे. चांगली वस्तू आहे, पण तिच्यात भरलेला मॅप तुमच्या गाडीचा नसतो. तुमच्यासारख्या कुठल्यातरी गाडीचा असतो.

तिसरा प्रकार ईसीयू फ्लॅश, म्हणजे मूळ शीटच बदलणं. काम सर्वात स्वच्छ, पण करणारा माणूस जाणकार हवा. आणि पूर्ण स्वतंत्र ईसीयू हे रेसिंगवाल्यांचं काम आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसला येणाऱ्या काही गाड्यांत तुम्हाला ते दिसेल. रोजच्या गाडीला त्याची गरज नाही.

यापैकी काहीही घ्या, पण मोजल्याशिवाय लावणं म्हणजे टेस्टिंग न करता थेट प्रोडक्शनला कोड टाकणं. आमच्या ऑफिसात त्यावर मीटिंग लागते.

मोबाईलवर काय दिसतं आणि काय नाही

तुमच्याकडे बीएस६ गाडी असेल तर मोबाईलवर बरंच काही दिसू शकतं. ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ ॲडाप्टर मिळतो. बाईकचा कनेक्टर बहुधा सहा पिनांचा असतो, म्हणून कारच्या सोळा पिनांच्या ॲडाप्टरला जोडवायर लागते. २०२३ नंतरच्या गाड्या जास्त माहिती देतात, त्याआधीच्या काही गाड्या नुसता आरपीएम आणि एरर कोड देऊन गप्प बसतात.

ॲपमध्ये शोधायच्या दोन गोष्टी. पहिली फ्यूएल ट्रिम. ती अधिक ५ दाखवत असेल तर ईसीयू शीटपेक्षा ५ टक्के पेट्रोल जास्त टाकतोय. दहाच्या आत असेल तर फार काळजी नको. कायम अधिक १५ दिसत असेल तर काहीतरी आहे: हवा कुठून तरी लीक होतेय, पंपाचा दाब कमी पडतोय किंवा मॉडिफिकेशन शीटच्या बाहेर गेलंय. दुसरी गोष्ट फ्यूएल सिस्टीम स्टेटस. ही ओळ ओपन लूप की क्लोज्ड लूप ते सांगते, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. एक्सलेटर पिळताना ती ओपन लूप झाली, की त्या क्षणापासून ट्रिमच्या आकड्याला काही अर्थ नाही. "माझी ट्रिम शून्य आहे, म्हणजे मॅप परफेक्ट आहे" असं म्हणणारे बरेच जण नेमके हाच भाग वाचत असतात.

लॉग रेकॉर्डला लावा, मोबाईल खिशात ठेवा आणि घरी येऊन बघा. हँडलवर मोबाईल लावू नका. एक तर हायवेला स्क्रीनकडे बघणं हा वेडेपणा आहे. दुसरं, २०२१ मध्ये ॲपलनंच सांगितलंय की मोटरसायकल इंजिनाच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन खराब होऊ शकतं.

एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो, कारण आम्हीही तिच्यात फसलो. नवा सायलेन्सर बसवताना बेंड पाइपचं गास्केट जुनंच ठेवलं होतं. तिथून बाहेरची हवा आत येत होती. सेन्सरला ती हवा दिसली, त्याला वाटलं मिश्रण लीन आहे, आणि ईसीयू भसाभस पेट्रोल टाकत राहिला. म्हणजे हळू चालवताना गाडी रिच आणि पिळल्यावर लीन. थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके फुटायचे, ज्यावर भाऊ खूश होता, त्यातही या लीकचा हात होता. न जळालेलं पेट्रोल गरम पाइपमध्ये हवा मिळाली की पेटतं. त्या आवाजाचा ताकदीशी काही संबंध नाही.

आम्ही काय केलं

नवा व्हॉल्व्ह बसला, गॅप सेट केला, गास्केट आणि प्लग नवे टाकले, आणि गाडी टेम्पोत घालून पुण्याला एका डायनोवर नेली. बेंड पाइपवर भोक पाडून नट वेल्ड केला आणि त्यात वाइडबँड सेन्सर बसवला. हा सेन्सर नुसतं रिच-लीन न सांगता लॅम्डा आकड्यात सांगतो. एक सूचना: वाइडबँडचे काही मीटर १४.७ च्या पट्टीवर आकडा दाखवतात. ई२० मध्ये ती पट्टीच लागू नाही. लॅम्डावर ठेवा, म्हणजे टाकीत कुठलंही पेट्रोल असो, १ म्हणजे १.

फुल थ्रॉटलला ८,५०० च्या पुढं मीटरवर ०.९९ ते १.०१ आलं. कागदावरच्या १.००७ च्या इतकं जवळ बघून मी खूश झालो आणि भाऊ गप्प झाला.

शीट दुरुस्त करायचं सूत्र अगदी साधं आहे. जुना आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा, भागिले हवा असलेला लॅम्डा. चौकटीत १०० असेल, मोजलं १.०१, हवं ०.८८, तर नवा आकडा ११४.८. पण सूत्र सोपं असलं तरी काम सोपं नाही. धूर सेन्सरपर्यंत पोचायला आणि सेन्सरला उत्तर द्यायला वेळ लागतो, तोवर इंजिन पुढच्या चौकटीत गेलेलं असतं. रस्त्यावर पळवत घेतलेल्या लॉगमध्ये शेजारच्या चौकटीची चूक या चौकटीच्या नावावर लागते. डायनोवर आरपीएम एका जागी धरून ठेवता येतो, हा त्याचा खरा उपयोग. हॉर्सपॉवरचा ग्राफ इन्स्टाग्रामवर टाकणं ही वरची हौस. दुसरं, काम कायम रिच बाजूनं सुरू करून हळूहळू लीनकडे यायचं. उलट दिशेनं येणाऱ्याला पिस्टनचे पैसे द्यावे लागतात. तिसरं, इंजेक्टर किती वेळ उघडा आहे ते बघायचं. ९,००० ला एका खेपेचे १३ मिलिसेकंद असतात, त्यातले ११ च्या वर लागायला लागले तर इंजेक्टरच छोटा पडतोय. मॅपनं तो मोठा होत नाही.

चार तासांत वरचा भाग ०.८७-०.८९ वर आला. स्टॉकपेक्षा चाकावर ताकद वाढली ती जेमतेम एक हॉर्सपॉवर. सायलेन्सर, फिल्टर, पिगीबॅक, डायनो आणि टेम्पो मिळून झालेल्या खर्चाला भागलं तर तो एक हॉर्सपॉवर कसा पडला, हे मी त्याच्या आईला सांगितलेलं नाही.

रस्त्यावर मात्र हे चालत नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या रचनेत मनानं फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला एका फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि प्रदूषणासाठी कलम १९० वेगळं. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. पीयूसी निघालं म्हणजे गाडी कायद्यात बसली असंही नाही. ती तपासणी गाडी उभी असतानाची आहे, आणि हळू चालताना क्लोज्ड लूप सगळं झाकून घेतो हे आपण वर पाहिलंच.

फ्री-फ्लोमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, हे भावाला माहीतच नव्हतं. त्याला वाटायचं सायलेन्सर म्हणजे नुसती आवाज कमी करायची पुंगळी. कंपनीच्या सायलेन्सरमधली ती जाळी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं पेट्रोल संपवते, आणि तिला नीट काम करायला लॅम्डा १ च्या आसपासच धूर लागतो. क्लोज्ड लूप मुळात आला तो तिच्यासाठीच.

दिवाळीआधी त्यानं माळ्यावरून कंपनीचा सायलेन्सर काढला, नवं गास्केट टाकून बसवला, बंद फिल्टर परत लावला, पिगीबॅक काढून ठेवला. बेंड पाइपवर वेल्ड केलेल्या नटाला बोल्ट मारून टाकलाय. परवा आम्ही अक्कलकोटला जाऊन आलो तेव्हा मी लॉग घेतला. टाकीत ई२०, क्रूझला ट्रिम अधिक ३ ते अधिक ४. गाडी ई१० च्या काळातली असल्यानं हिशोबाप्रमाणे तेवढीच यायला हवी होती.